न दुखणारे दुखणे

आपल्याकडे एक म्हण आहे. आजार येतो हत्तीच्या पावलांनी आणि जातो मुंगीच्या पावलांनी. ताप एका रात्रीत माणसाला आडवा करतो. जायला मात्र आठ-आठ दिवस घेतो. बहुतेक आजारांना ही म्हण लागू पडते. पण एका आजाराला ती लागू पडत नाही. तो येतोच मुळी मुंगीच्या पावलांनी. गुपचूप घरात शिरतो, ठाण मांडून बसतो आणि घरधन्याला पत्ता लागू देत नाही. त्याचे नाव मधुमेह. कोणी त्याला साखरेचा आजार म्हणतात. कोणी नुसतेच म्हणतात, "मला शुगर आहे."

दाढ ठणकली, तर माणूस रात्रीच्या रात्री दवाखाना गाठतो. पोटात कळ आली, तर हातातले काम टाकतो. मधुमेहात असे काही होत नाही. रक्तात साखर वाढते, पण दुखत काहीच नाही. माणूस जेवतो, काम करतो, झोपतो. तो म्हणतो, "मला काय झालंय? मी तर चांगला आहे." आणि इथेच तो फसतो. आतल्या आत डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा यांना कीड लागत असते. ज्या दिवशी दुखायला लागते, त्या दिवशी बराच उशीर झालेला असतो.

म्हणून या पाठात एकच गोष्ट सांगायची आहे. दुखण्याची वाट पाहू नका. हा आजार दुखण्यावरून ओळखायचा नसतो, तपासणीवरून ओळखायचा असतो. आणि तो औषधाने जेवढा आटोक्यात राहतो, तेवढाच आपल्या रोजच्या वागण्याने राहतो.

आजार जुनाच आहे

हा काही नवा आजार नव्हे. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत त्याचे वर्णन आहे. रोग्याची लघवी मधासारखी गोड होते आणि तिला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी पाहिले होते. म्हणून तर त्याला मधुमेह म्हणतात.

आजार जुना, पण त्याचा पसारा आता फार वाढला आहे. देशभर केलेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, ही समजूत सोडून द्यावी. तो आता आपल्या आळीत आला आहे.

शरीरात काय होते?

विहिरीचे पाणी पाटाने मळ्यात जाते, हे तुम्ही रोज पाहता. पाटाला पाणी सोडले म्हणजे पीक भिजले, असे होत नाही. कोणीतरी दारे धरावे लागते. फावड्याने एकेका वाफ्याचे तोंड फोडावे लागते. तेव्हा कुठे पाणी मुळांपर्यंत पोचते.

शरीरातही असेच चालते. भाकरी, भात, पोळी, गूळ, फळे, यांतले काहीही खाल्ले, तरी त्याची पोटात साखर होते. ती रक्तात उतरते. रक्त हा झाला पाट. शरीरात लहान लहान कोट्यवधी पेशी असतात. ते झाले वाफे. साखर या पेशींत शिरली, तरच आपल्याला बळ मिळते. आणि दारे धरणारा गडी कोण? त्याचे नाव इन्सुलिन. पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय असते. तिथे हे इन्सुलिन तयार होते.

आता समजा, गडी कामावर आलाच नाही. काही मुलांच्या शरीरात असे होते. इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. मूल सारखे पाणी मागते, सारखी लघवी करते आणि बघता बघता वाळत जाते. हा मधुमेहाचा पहिला प्रकार. अशा मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. उशीर जिवावर बेततो.

मोठ्या माणसांत बहुधा दुसरा प्रकार असतो. गडी येतो, पण वाफ्यांची तोंडे गाळाने बुजलेली असतात. गडी एकटा किती खपणार? पुढे पुढे तोही थकतो. मग पाट तुडुंब वाहतो आणि वाफे मात्र कोरडे राहतात. रक्तात साखर मावत नाही आणि अंगात बळ नाही, अशी स्थिती होते. जादा साखर लघवीवाटे जाऊ लागते. जाताना पाणी घेऊन जाते. म्हणून लघवी फार होते आणि तहान फार लागते.

उपाय आता तुमच्या तुम्हीच सांगू शकाल. पाटाला एकदम फार पाणी सोडू नये. हा झाला आहार. वाफ्यांची तोंडे साफ ठेवावी. हा झाला व्यायाम. थकलेल्या गड्याला मदत द्यावी. हे झाले औषध. तिन्ही गोष्टी लागतात. एकीवर भागत नाही.

कोणी तपासून घ्यावे?

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने. आईला, वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल, तर अधिकच काळजीने. पोट सुटले असेल, तरीही. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३५ इंच, आणि बाईचा ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, याहून अधिक असेल, तर ती धोक्याची खूण समजावी. गरोदर बाईची साखर तर तपासलीच पाहिजे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मी तर काडीसारखा आहे. मला कशाला तपासता?" त्याने पुढची हकिगत ऐकावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांची त्यांनी इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली. आपली बाळे वजनाने सुमारे २ किलो ७०० ग्रॅमची, तिकडची सुमारे साडेतीन किलोची. आपली बाळे दिसायला किरकोळ. पण त्यांच्या अंगात मांसाच्या मानाने चरबी अधिक होती. म्हणजे वरून रोड दिसणाऱ्या आपल्या माणसांतही आत चरबी दडलेली असू शकते. तेव्हा हडकुळा माणूस सुटला, असे समजू नये.

तपासणी सोपी आहे. रात्री जेवल्यावर काही खायचे नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे. १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे, ते मोजतात. आकडा १०० च्या आत असेल, तर ठीक. १०० ते १२५ असेल, तर उंबरठ्यावर. १२६ किंवा त्याहून अधिक आला, तर मधुमेह. एकदा असा आकडा आला, तर डॉक्टर बहुधा पुन्हा तपासून खात्री करतात. दुसरी एक तपासणी आहे. तिला एचबीएवनसी म्हणतात. तिच्यावरून गेल्या तीन महिन्यांचा हिशेब कळतो. ती साडेसहा टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह समजतात. दोन दिवस पथ्य करून ही तपासणी फसवता येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या मुलासारखी गत होते.

गावातल्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या माणसांची ही तपासणी होते.

ताटात काय असावे?

मधुमेह झाला, की घरात दोन चुली होतात. घरच्यांचे जेवण वेगळे आणि 'पेशंट'चे वेगळे. हे बरोबर नाही. मधुमेह्याचे जेवण म्हणजे काही शिक्षा नव्हे. ते सगळ्या घराला मानवणारे जेवण आहे.

ताट डोळ्यांपुढे आणा. त्याचे मनाने दोन भाग करा. अर्ध्या ताटात भाजी हवी. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, गवार, दोडका, वांगे, भेंडी, काकडी, मुळा, कोबी, जे मिळेल ते. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. एका भागात आमटी, मटकीची किंवा मुगाची उसळ, हुलग्यांचे पिठले, अंडे किंवा मासे. दुसऱ्या भागात भाकरी, पोळी किंवा भात. बटाटा भाजी म्हणून धरू नये, तो भातात धरावा.

आपले नेहमीचे ताट याच्या उलटे असते. भाकऱ्या तीन-चार, वर भाताचा ढीग आणि तोंडी लावायला चमचाभर भाजी. पाटाला एकदम सगळे पाणी सोडल्यासारखे हे होते.

"पण मी ज्वारीची भाकरी खातो. तिनं साखर वाढत नाही ना?" हा प्रश्न सगळे विचारतात. ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये चांगली. त्यांत चोथा अधिक असतो. त्यांची साखर जरा सावकाश होते. पण होते, हे विसरू नये. चार भाकऱ्या खाणाऱ्याने दोनांवर यावे आणि भाजी-उसळ वाढवावी, म्हणजे पोटही भरेल. पीठ फार चाळू नये. कोंडा टाकून देणे म्हणजे चांगले तेवढे टाकून देणे.

जेवणाच्या वेळा सांभाळाव्या. सकाळी नुसत्या चहावर शेतात जायचे आणि दुपारी दोनला पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचे, हे सोडावे. थोडे थोडे, वेळेवर, सावकाश चावून खावे. मीठ बेताचे घ्यावे. लोणचे-पापड कधीमधी. तेल हात राखून वापरावे.

एक गोष्ट घरातल्या बायांसाठी मुद्दाम सांगतो. घरची माउली सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली असते, आमटीचे पाणी उरलेले असते. ती शिळी पोळी आणि भात खाऊन उठते. अन्न वाया जाऊ नये म्हणून मुलांचे उष्टेही पोटात ढकलते. तिला तहान लागते, थकवा येतो, तर म्हणते, "कामानं होतंय." तिची साखर कोणी तपासत नाही. मंडळी, भाजीचा तिचा वाटा आधी बाजूला काढून ठेवा. आणि तपासणीला जाल, तेव्हा तिलाही बरोबर घेऊन जा.

गूळ, चहा आणि उपवास

गूळ चालतो, साखर चालत नाही, अशी समजूत गावोगाव आहे. ती खोटी आहे. दोन्ही उसाचीच लेकरे. रक्तात गेल्यावर त्यांत फारसा भेद राहत नाही. मधाचेही तसेच.

आता चहाचा हिशेब करू. दिवसातून पाच कप चहा. कपाला दोन चमचे साखर. म्हणजे दहा चमचे झाले. एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर बसते. दिवसाची झाली ५० ग्रॅम. महिन्याची किती? दीड किलो! एकट्या माणसाने महिन्याला दीड किलो साखर नुसती पिऊन टाकली. वर चहाबरोबर खारी, बटर आणि बिस्किटे आहेतच. तेव्हा चहा दोन कपांवर आणा. साखर हळूहळू कमी करत बंद करा. पंधरा-वीस दिवसांत जिभेला सवय होते. बाटलीतली गोड पेये तर घरात आणूच नका.

पाहुण्याला चहा नाकारणे आपल्याकडे जड जाते. पण नाकारायचे कशाला? "वहिनी, मला बिनसाखरेचा करा," असे सरळ सांगावे. यात लाज कसली? लग्नाच्या पंक्तीत जिलबीचा आग्रह होतो. यजमानांनीही समजून घ्यावे. मधुमेह्याला बळेच गोड वाढणे हा पाहुणचार नव्हे.

फळे वर्ज्य नाहीत. पेरू, जांभूळ, संत्रे, पपईची फोड, सफरचंद, यांतले एखादे बेताने खावे. चावून खावे, रस काढून पिऊ नये. रसात चोथा जातो आणि साखर राहते. आंबा, केळे, चिकू, सीताफळ आणि द्राक्षे फार गोड. आंब्याच्या दिवसांत एखादी फोड जेवणाचा भाग म्हणून खावी आणि तेवढी भाकरी कमी करावी. आमरसाच्या वाट्यांवर वाट्या मात्र नकोत.

उपवासाचे काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी, वर रताळे, वर केळे, असा 'उपवास' झाला, की साखर भडकते. उलट, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन कडक उपवास केला, तर साखर धोक्याइतकी उतरते. दोन्हीकडून नुकसान. ज्याला औषध चालू आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

चालणे

"दिवसभर शेतात राबतो. मला व्यायाम कशाला?" हा प्रश्न बरोबर आहे. जो खरोखर राबतो, त्याचा व्यायाम होतोच. पण जरा मनाशी हिशेब करा. नांगरट आता ट्रॅक्टर करतो. पाणी पंप चढवतो. मळ्यापर्यंत मोटारसायकल नेते. दळण गिरणीत होते. पेरणी-काढणीचे दिवस सोडले, तर अंग किती हलते? पारावर बसून गप्पा मारणे हा व्यायाम नव्हे.

चालल्याने मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. वाफ्यांची तोंडे मोकळी होतात, असे म्हटले ते हेच. रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान पाच दिवस चालावे. चाल कशी हवी? बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी भरभर. जमले तर दोन्ही वेळच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली घालावी. तिचाही चांगला गुण येतो.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना त्यांनी आहार सुधारायला आणि चालायला लावले. तीन वर्षांत त्या लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक घटले. म्हणजे उंबरठ्यावरून मागे फिरता येते.

ज्याला चालताना छातीत दुखते किंवा दम लागतो, किंवा ज्याच्या पायाला जखम आहे, त्याने मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

पाय सांभाळा

वर म्हटले, की मधुमेह दुखत नाही. पुढे तर तो दुसरी दुखणीही कळू देत नाही. पायाच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या येतात, आग होते. मग हळूहळू काही कळेनासेच होते.

आमच्या भागातले एक शेतकरी होते. बाभळीचा काटा चपलेतून आरपार गेला. त्यांना पत्ताच नाही. ते तीन दिवस तसेच हिंडले. चौथ्या दिवशी सुनेने ओसरीवर रक्ताचे डाग पाहिले, तेव्हा पाय वर करून पाहिला. घरच्यांनी बिब्याचा चटका दिला. जखम वाढली. महिन्याने पायाची दोन बोटे काढावी लागली. काटा केवढा आणि नुकसान केवढे! पहिल्याच संध्याकाळी कोणी तळवा पाहिला असता, तर काटा काढून, जखम धुऊन, काम भागले असते.

म्हणून मधुमेह्याने पाय चेहऱ्यासारखे जपावे. तोंड आपण रोज आरशात पाहतो ना? तसे तळवेही रोज पाहावे. वाकता येत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे, नाहीतर नातवाला पाहायला सांगावे. पाय रोज धुवावे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्या. टाचांना तेल लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावी, कोपऱ्यांत खोल कापू नये. कुरूप ब्लेडने तासू नये. बिबा घालू नये. डाग देऊ नये. शेकोटीशी पाय शेकू नये. कढत पाण्यात पाय बुडवू नये. पाणी किती गरम आहे, ते आधी कोपराने पाहावे.

घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. चप्पल घालण्याआधी झटकून पाहावी. आत खडा असतो, खिळा वर आलेला असतो. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून माप बरोबर मिळते. वारीला जरूर जावे, पण पायांत चांगले बूट घालून जावे. नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम मधुमेह्याने करू नये. देव भाव पाहतो, तळवे पाहत नाही. ते आपणच पाहिले पाहिजेत.

तंबाखू, बिडी आणि मिश्री सोडावी. बिडीने पायांच्या रक्तवाहिन्या आणखी आखडतात. दारूही नको.

साखर एकाएकी उतरली तर

गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, किंवा कष्ट फार झाले, तर साखर ७० च्या खाली उतरते. तेव्हा दरदरून घाम येतो. हात थरथरतात. छाती धडधडते. डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस असंबद्ध बोलू लागतो. लोकांना वाटते, प्यायला आहे.

अशा वेळी वाट पाहू नये. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनळीत जाते. त्याला कुशीवर निजवून तडक दवाखान्यात न्यावे. इन्सुलिन घेणाऱ्याने शेतात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. एरवी जी साखर वैरीण, ती या वेळी जीव वाचवते.

गोळ्या आणि इन्सुलिन

आकडा ठीक आला, की पुष्कळ लोक गोळी बंद करतात. "आता बरा झालो," म्हणतात. अहो, आकडा ठीक आला तो गोळीमुळे आणि पथ्यामुळे! दारे धरणाऱ्याला घरी धाडल्यावर पाणी वाफ्यात राहील काय? गोळी कमी करायची की बंद करायची, ते डॉक्टरांनी ठरवायचे. शेजाऱ्याची गोळीही आपण घेऊ नये.

इन्सुलिनची लोकांना धास्ती वाटते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरी फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी ते शोधून काढले. १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मरणपंथाला लागलेल्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले आणि पोरगा वाचला. १४ नोव्हेंबर, म्हणजे आपला बालदिन, हा बँटिंग यांचाही जन्मदिवस. त्या दिवशी जगभर मधुमेह दिन पाळतात. इन्सुलिनचे व्यसन लागत नाही. 'आता शेवट आला' असाही त्याचा अर्थ नाही. शरीरात जे कमी पडते, तेवढेच आपण बाहेरून देतो. ते उन्हात ठेवू नये, गोठूही देऊ नये. घरी फ्रीज नसेल, तर दोन मडकी घ्यावी. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे. औषध कोरड्या डबीत घालून आत ठेवावे.

ताप-उलट्या झाल्या आणि अन्न जात नसेल, तर औषध आपल्या मनाने बंद करू नये. त्याच दिवशी दवाखान्यात विचारावे.

बाजारात पुड्या विकणारे येतात. "एका महिन्यात मधुमेह मुळापासून काढतो," म्हणतात. त्यांच्या नादी लागून इन्सुलिन सोडल्याने माणसे दगावतात. कारले, मेथी, जांभूळ जरूर खा. पण भाजी म्हणून, फळ म्हणून खा. औषधाच्या जागी नव्हे.

एक वही करा

आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. ती विद्या इथे कामाला लावा. साधी का होईना, एक वही आणा. पानावर रेघा मारून चार रकाने पाडा. तारीख, साखर, वजन आणि रक्तदाब. तपासणी झाली, की आकडे स्वतःच्या हाताने लिहा. दवाखान्याच्या कागदावर आकडे इंग्रजी असतात. ते दहाच आहेत. शाळेत जाणाऱ्या पोराकडून दोन दिवसांत शिकून घ्या.

औषध चालू असताना उपाशीपोटीची साखर साधारण ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांची १८० च्या आत असावी. वयस्कर माणसासाठी डॉक्टर थोडा वेगळा आकडा सांगतील. एचबीएवनसी दर तीन ते सहा महिन्यांनी करावी. ती बहुतेकांनी सातच्या आत ठेवावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासावा, लघवी आणि रक्तावरून मूत्रपिंडे तपासावी आणि पाय दाखवावे. या तारखाही वहीत लिहा.

दुखत नाही म्हणून जे आपल्याला कळत नाही, ते ही वही सांगते. सावकाराचा हिशेब वाचता येत नव्हता, म्हणून आपले वाडवडील फसले. आपल्या रक्ताचा हिशेब तरी आपल्याला वाचता आला पाहिजे.

प्रश्न

१. मधुमेह 'दुखत नाही', हे चांगले की वाईट? का?
२. तुमच्या घरात महिन्याला साखर आणि गूळ मिळून किती लागतो? माणशी किती येतो? हिशेब करा.
३. काल रात्रीच्या तुमच्या ताटात भाजी किती होती?
४. साखर एकाएकी उतरली, तर काय कराल? घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा.
५. तुमच्या घरात तिशी उलटलेली माणसे किती? त्यांची नावे लिहा. प्रत्येकापुढे शेवटच्या तपासणीची तारीख लिहा. जिथे तारीख लिहिता येणार नाही, त्या माणसाला या आठवड्यात दवाखान्यात घेऊन जा.